साखर कारखान्यात नवी संगणक प्रणाली: कोणते काम आधी, कोणते नंतर

कारखान्याने मोठी रक्कम मोजून ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचे काम जोडणारी संगणक प्रणाली, घेतली. पहिला हंगाम कसाबसा निघाला. दुसऱ्या हंगामात ऊसवाहनांच्या वजनकाट्यावरचा क्लार्क शेजारी वही ठेवून दोन्हीकडे लिहू लागला आणि तिसऱ्या वर्षी संचालक मंडळापुढे नव्या कंपन्यांची कोटेशने आली. हा प्रकार मी एकापेक्षा जास्त कारखान्यांत जवळून पाहिला आहे. प्रत्येक ठिकाणी खापर सॉफ्टवेअरवर फुटले. मुळात चुकला होता कामाचा क्रम. आधी खरेदी झाली, मग घाईघाईने डेटा चढवला, मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आठवड्यात प्रशिक्षण उरकले आणि अडचणींची यादी हंगाम भरात असताना तयार झाली.

खालचा क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. उदाहरण सहकारी साखर कारखान्याचे घेतले आहे, कारण हजारो सभासद, शेतकी खाते, तोडणी टोळ्या, वाहतूकदार, केमिस्ट आणि अकाउंट खाते अशी सगळी माणसे एकाच कागदाच्या साखळीत बांधलेली इथे दिसतात. दूध संघात किंवा जिल्हा बँकेत खात्यांची नावे बदलतील, क्रम हाच राहील.

सुरू करण्याआधी: हाताशी किती महिने आहेत ते मोजा

गळीत हंगाम बहुधा नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे 'मधले सहा महिने मोकळे आहेत, तेवढ्यात बसवून टाकू' असे सगळ्यांना वाटते. इथेच पहिली चूक होते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो ऊस तुटतो पुढच्या वर्षीच्या हंगामात. म्हणजे ज्या बिलासाठी नवी प्रणाली हवी, त्या बिलाची पहिली नोंद सव्वा वर्ष आधी व्हायला लागते. तोडणी-वाहतुकीचे करार आणि टोळ्यांच्या मुकादमांच्या उचली (आगाऊ रकमा) हंगामाच्या कितीतरी आधी होतात. हे सगळे जुन्या प्रणालीत आणि काटा मात्र नव्या प्रणालीत, अशी स्थिती आली की ऑक्टोबरात दोन्ही जुळवण्याची धावपळ होते.

मी सुचवतो ते वेळापत्रक असे. चालू हंगामात जानेवारीपासून पाहणी करा. एप्रिल ते जून डेटा आणि पुरवठादार. जुलैपासून ऊस नोंद नव्या प्रणालीत. तो हंगाम काट्यावर जुन्याच पद्धतीने काढा, फक्त शेवटच्या आठवड्यांत एका काट्यावर नव्याची चाचणी घ्या. पुढच्या उन्हाळ्यात करार आणि उचली नव्यात, आणि त्या नोव्हेंबरात काटा व बिल. जवळपास पावणेदोन वर्षे होतात. संचालकांना हा काळ जास्त वाटतो, पण यातला एकही महिना रिकामा नाही.

वेळ दाबला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचे आहे. ४८ महिन्यांचे काम ३० महिन्यांत बसवायचे ठरले. एप्रिल १९९९ हा त्यांचा मंद विक्रीचा काळ, त्यात सुरू व्हायची प्रणाली जुलैवर गेली आणि हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या ऑर्डरी अंगावर आल्या. माल गोदामात असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोहोचवता आल्या नाहीत. आपल्याकडे हॅलोविनच्या जागी गळीत हंगाम आहे, एवढाच फरक.

सावध: संचालक मंडळाची निवडणूक याच काळात येत असेल तर काटा-बिलाचा टप्पा निवडणुकीनंतरच्या हंगामावर ठेवा. अर्ध्यावर नेतृत्व बदलले की आधीच्यांनी आणलेली प्रणाली हाच प्रचाराचा मुद्दा होतो, आणि मग ती कितीही चांगली असली तरी तिच्या बाजूने कोणी बोलत नाही.

टप्पा १: त्रास काय आहे तो आकड्यात लिहा

एका पानावर तीन-चार त्रास लिहा. 'आधुनिकीकरण', 'पारदर्शकता' हे शब्द त्या पानावर नकोत. हवे आहे ते असे: पंधरवडा संपल्यापासून बिल बँकेत जाईपर्यंत किती दिवस लागतात, भरलेले वाहन यार्डात आल्यापासून रिकामे होऊन बाहेर पडेपर्यंत किती तास, एका पंधरवड्यात नाव, गट नंबर किंवा कपात चुकल्याच्या किती तक्रारी येतात, स्टोअरमध्ये कागदावर असलेल्या पण रॅकवर नसलेल्या वस्तू किती.

हे आकडे चालू हंगामातच मोजून ठेवा. हंगाम संपला की ते पुन्हा मिळत नाहीत, आणि दोन वर्षांनी 'नव्याने काय फरक पडला' या प्रश्नाला प्रत्येक जण आपापल्या आठवणीने उत्तर देतो.

बिलाच्या दिवसांची किंमत संचालकांना रुपयांत सांगा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याचा पंधरवडा ७५,००० टनांचा. टनाला ३,००० रुपये धरले तरी २२.५ कोटी होतात. त्याला दहा दिवस उशीर म्हणजे सव्वानऊ लाख रुपये व्याज. एका पंधरवड्याचे.

तपासणी: हे पान शेतकी अधिकारी, चीफ अकाउंटंट आणि केन यार्ड सुपरवायझर या तिघांना वेगवेगळे दाखवा. तिघांनाही 'हाच त्रास आहे' असे वाटले तर पुढे जा.

टप्पा २: निर्णय कोणाचा, ते ठरावात आणा

बहुतेक कारखान्यांत हे काम ईडीपी (संगणक) विभागाकडे सोपवले जाते. ईडीपीचा माणूस संगणक सांभाळू शकतो, पण तोडणीचा क्रम कसा ठरवायचा किंवा जळीत उसाला किती कपात लावायची हे तो ठरवू शकत नाही. प्रकल्पाची जबाबदारी कार्यकारी संचालकांकडे हवी, आणि प्रत्येक भागाचा मालक त्या खात्याचा प्रमुख हवा. नोंद आणि तोडणी शेतकी अधिकाऱ्याची, काटा यार्डाचा, बिल अकाउंटंटचे. ईडीपी त्यांच्या मदतीला.

या मालकांची नावे संचालक मंडळाच्या ठरावात लिहा. त्याच ठरावात आणखी एक ओळ घाला: दोन खात्यांत मतभेद झाला तर कार्यकारी संचालक सात दिवसांत निर्णय देतील. ही ओळ फार कामाची आहे. प्रकल्प महिनोन्महिने अडकतात ते तांत्रिक अडचणींपेक्षा 'शेतकी खाते म्हणते असे, अकाउंट म्हणते तसे' यावर.

खातेप्रमुखाला या कामासाठी मोकळा वेळही हवा. रोजची जबाबदारी तशीच ठेवून वर हे लादले, तर तो बैठकीला सहायकाला पाठवतो आणि सहायक कशालाच हो म्हणू शकत नाही.

टप्पा ३: उसाबरोबर चालत जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सॉफ्टवेअर कंपन्या याला 'रिक्वायरमेंट' म्हणतात आणि ऑफिसात बसून दोन दिवसांत लिहून घेतात. तसे करू देऊ नका.

एक प्लॉट निवडा. चिटबॉय (गावात ऊस नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस) नोंद घेतो तेव्हा त्याच्यासोबत बांधावर उभे राहा. तोड आली की टोळीबरोबर जा. ट्रॅक्टरवर बसून यार्डात या, नंबर लागेपर्यंत थांबा, भरले वजन, गव्हाणीवर (ऊस गाळपाला टाकायच्या जागी) खाली करणे, रिकामे वजन, पावती. मग ती पावती अकाउंटला कशी पोचते, कोण पंच करतो (संगणकात भरतो), कपाती कुठून येतात, यादी बँकेला कशी जाते ते पाहा. एकदा दिवसपाळीत आणि एकदा रात्रपाळीत. रात्री दोन वाजता काट्यावर जे दिसते ते कुठल्याच बैठकीत कोणी सांगत नाही.

सोबत एक वही ठेवा, तिच्यावर 'अपवाद' असे लिहा. नेहमीचे काम कुठल्याही सॉफ्टवेअरला जमते, प्रणाली मोडते ती अपवादांवर. माझ्या वह्यांत परत परत आलेले काही प्रकार:

- सातबारा चौघा भावांच्या नावावर, नोंद थोरल्याच्या नावावर, बिल मात्र चौघांत वाटून हवे.
- सभासद वारला, वारस नोंद व्हायची आहे, ऊस तुटायला आला आहे.
- तोडणीची चिठ्ठी एका प्लॉटची, टोळीने शेजारचा प्लॉट तोडला.
- ट्रॅक्टर बंद पडला, दुसऱ्याने ट्रॉल्या ओढून आणल्या. रिकामे वजन कुठल्या वाहनाचे धरायचे?
- बैलगाडीच्या दिवसातून दोन खेपा, चिठ्ठी एकच.
- ऊस पेटला, सगळ्यांच्या आधी तोडायला हवा, कपातीसह.
- गेटकेन (कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस) किंवा बिगर सभासदाचा ऊस आयत्या वेळी आला.

प्रत्येक अपवादापुढे तीन गोष्टी लिहा: आज काय करतात, महिन्यात किती वेळा होते, परवानगी कोण देते. ही वही भरली की पुढच्या निम्म्या चुका टळलेल्या असतात.

मग निवड करायची. यातले कोणते अपवाद प्रणालीत घ्यायचे, आणि कुठे आपण आपली पद्धत बदलायची? याचा निर्णय टाळला तर फार महागात जाते. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने २०११ मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली बसवायला घेतली. त्यांची जुनी पद्धत मालसाठ्याचे मूल्य खरेदी किमतीने धरण्याची. प्रणाली विक्री किमतीवर आधारलेली. त्यांनी आपली पद्धत न बदलता प्रणाली वाकवत नेली आणि २०१८ मध्ये सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर सगळे सोडून दिले.

माझा नियम साधा आहे. कायद्यामुळे किंवा शेतकऱ्याच्या हक्कामुळे असलेला अपवाद प्रणालीत घ्यायचाच. 'आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे' एवढेच कारण असेल तर पद्धत बदला. वारसाचे बिल पहिल्या प्रकारात येते. पावतीच्या पाच रंगांच्या पाच प्रती दुसऱ्या प्रकारात.

दर आणि हप्त्यांचे नियम मात्र कधीही कोडमध्ये गाडून टाकू देऊ नका, ते आपल्या माणसाला बदलता आले पाहिजेत. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. असे बदल हंगामाच्या सोयीने येत नाहीत. नियम बदलण्यासाठी दर वेळी कंपनीच्या प्रोग्रॅमरची वाट पाहावी लागत असेल तर ती प्रणाली तुमच्या ताब्यात नाही.

टप्पा ४: डेटा धुऊन घ्या, मगच भरा

जुना डेटा आहे तसा नव्यात ओतणे ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक. 'नंतर दुरुस्त करू' म्हणतात. नंतर कधीच होत नाही, कारण एकदा व्यवहार सुरू झाले की जुना कोड काढता येत नाही.

एकाच शेतकऱ्याचे दोन-तीन कोड असतातच. 'पाटील आनंदा बाबू', 'आनंदा बाबू पाटील' आणि 'पाटील आ. बा.' ही एकच व्यक्ती आहे का, हे संगणक सांगू शकत नाही. गावचा चिटबॉय सांगतो. म्हणून यादी गावनिहाय छापा, गट कार्यालयात (कारखान्याच्या त्या भागातल्या कार्यालयात) पाठवा आणि प्रत्येक पानावर चिटबॉयची व फिल्डमनची सही घ्या. नावे हेडऑफिसात बसून जुळवायला गेलात तर एकाचे बिल दुसऱ्याच्या खात्यात जाईल. एका कारखान्यात काका-पुतण्याचे नाव सारखे होते म्हणून दोन कोड एकत्र केले गेले. पुतण्याचे दोन पंधरवड्यांचे बिल काकाच्या सोसायटी कर्जात वळते झाले. ते परत फिरवायला सगळा हंगाम गेला आणि त्या गावात नव्या प्रणालीचे नाव काढण्याची सोय राहिली नाही.

दुसरी अडचण लिपीची. जुन्या प्रणालींत नावे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये भरलेली असतात. ती युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. 'शिर्के', 'सूर्यवंशी', 'कुऱ्हाडे' अशी आडनावे मुद्दाम शोधून पाहा. ती नीट आली तर बाकीची बहुधा नीट येतात.

तिसरी, बँक खाती. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणे झाली. देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँकांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. जुन्या यादीत ते अजून पडून असतील. सगळी खाती बँकेकडून तपासून घ्या, पहिल्या बिलाला फेटाळलेल्या रकमांची यादी आली की मग शोधत बसू नका.

भाग भांडवल, ठेवी आणि मागील येणे यांच्या शिल्लका ३१ मार्चच्या लेखापरीक्षित आकड्यांशी जुळल्याच पाहिजेत. एक रुपयाचाही फरक 'किरकोळ' म्हणून सोडू नका. असा फरक बहुधा दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असतो.

सावध: या यादीत लोकांचे मोबाइल, आधार आणि खाते क्रमांक आहेत. ती व्हॉट्सॲपवर फिरवू नका, पुरवठादाराच्या माणसाला पेन ड्राइव्हवर देऊ नका. तपासणीला पाठवलेल्या छापील प्रती मोजून परत घ्या.

तपासणी: कोणतीही पाच गावे निवडा, प्रत्येक गावातले वीस शेतकरी घ्या आणि कागदावरचा व नव्या प्रणालीतला तपशील ओळीने ताडून पाहा. शंभरात तीनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर सगळी फेरी पुन्हा करा.

टप्पा ५: पुरवठादार निवडा

आता खरेदी. कंपनीचे तयार सादरीकरण बघू नका. मागच्या हंगामातला एक अवघड पंधरवडा त्यांच्या हातात द्या, नावे आणि खाते क्रमांक झाकून, आणि अपवादांच्या वहीतले दहा प्रकार त्यांच्या पडद्यावर करून दाखवायला सांगा. ज्याला सात जमतात आणि उरलेल्या तिनांबद्दल 'हे आमच्यात नाही' असे जो स्पष्ट सांगतो, तो सगळ्याला 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यापेक्षा बरा.

करारात एवढे पाहा: डेटा कारखान्याचा आणि तो मागू तेव्हा वाचता येईल अशा रूपात मिळेल; हंगामात चोवीस तास फोन उचलणारा माणूस आणि पहिल्या दोन पंधरवड्यांत कारखान्यावर मुक्काम; पैसे टप्प्यांवर, आणि शेवटचा मोठा हप्ता पहिला हंगाम पार पडल्यावर.

टप्पा ६: माणसे तयार करा

प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दोन तास, हा समज सोडा. चिटबॉयला बांधावर, उन्हात, स्वतःच्या फोनवर, रेंज नसताना नोंद करून पाहू द्या. काटा क्लार्कला मागे वाहनांची रांग आहे असे धरून सराव द्या. प्रत्येक गट कार्यालयात आणि प्रत्येक पाळीत एक जाणता माणूस तयार करा, ज्याला बाकीचे विचारतील. हा माणूस हुद्द्याने मोठा असण्याची गरज नाही. आताही अडले की सगळे ज्याच्याकडे जातात, तोच निवडा.

विरोध होईल. त्यामागची कारणे नीट ऐका, कारण ती बहुधा खरी असतात. पंचिंग करणाऱ्या क्लार्कला नोकरीची भीती असते. त्याला पुढे कोणते काम मिळणार आहे ते नावानिशी, लेखी सांगा, आणि संघटनेशी बोलणे पहिल्याच महिन्यात करा. काहींचा विरोध वेगळा असतो. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेने आपोआप लागू लागला की तोड पुढे-मागे करण्याची मुभा जाते. हा विरोध उघड बोलून दाखवला जात नाही, 'सॉफ्टवेअर स्लो आहे' अशा रूपात येतो. यावर प्रशिक्षण हा इलाज नाही. क्रम बदलण्याचा अधिकार कोणाला, किती वेळा आणि कोणते कारण नोंदवून, हे अध्यक्ष आणि कार्यकारी संचालकांनीच जाहीर करायचे असते, आणि स्वतः पाळायचे असते. अध्यक्षांच्या पाहुण्याची तोड एकदा चिठ्ठीविना गेली की खाली कोणी नियम पाळत नाही.

सावध: जुन्या जाणत्या क्लार्कना घाईने कमी करू नका. कॅनडा सरकारने फीनिक्स ही पगार प्रणाली २०१६ मध्ये सुरू केली, पण पगाराचे काम जाणणाऱ्या १,२०० जागा आधीच कमी करून टाकल्या होत्या आणि छोटी चाचणी घ्यायचेही रद्द केले होते. हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा अजिबात पगार न मिळण्याचे प्रकार झाले, आणि ते निस्तरायला लागणारी माणसेच उरली नव्हती. पहिले दोन हंगाम जुनी माणसे जागेवर हवीत.

टप्पा ७: चाचणी, तीन वेगवेगळ्या प्रकारची

पहिली चाचणी आकड्यांची. मागच्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा नव्या प्रणालीत भरा आणि बिल काढा. प्रत्येक शेतकऱ्याची निव्वळ रक्कम जुन्या बिलाशी पैशापर्यंत जुळवा. फरक आला तर कारण सापडेपर्यंत थांबा. कधी कधी जुन्याच बिलात चूक सापडते. ती लपवू नका, अकाउंटंटला लेखी द्या.

दुसरी चाचणी वेगाची, आणि ती जवळजवळ कोणीच घेत नाही. हिशेब करून पाहा. ५,००० टन गाळप, एका वाहनात २० टन, म्हणजे २५० वाहने. भरले आणि रिकामे मिळून ५०० वजने. एकच काटा असेल तर दिवसाच्या १,४४० मिनिटांत एका वजनाला तीन मिनिटेही मिळत नाहीत. नव्या पडद्यावर एका वजनाला फक्त एक मिनिट जास्त लागले तर दिवसाला ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून जास्त रांग वाढली. वाहने सारख्या अंतराने येतही नाहीत, संध्याकाळी एकदम येतात. म्हणून सराव करताना घड्याळ लावा. पडद्यावरचा अनावश्यक रकाना काढून टाकणे हे इथे सगळ्यात मोलाचे काम ठरते.

तिसरी चाचणी बिघाडाची. मुद्दाम नेट बंद करा. वीज घालवा. सर्व्हर बंद करा. काटा चालू राहतो का? नोंदी तिथल्या तिथे साठून नंतर वर जातात का, की दोनदा जातात? छापील, क्रमांक टाकलेली हातपावती कुठे ठेवली आहे, हे रात्रपाळीच्या क्लार्कला माहीत आहे का?

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली. चाचण्या अपुऱ्या होत्या. १९ लाख लोकांना स्वतःची खाती उघडता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. सगळे एकदम हलवण्याचा मोह होतो, कारण दोन प्रणाली सोबत चालवणे कष्टाचे असते. तरीही हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत, आवक उतरलेली असताना, एका काट्यावर जुन्याच्या जोडीने नवे चालवून पाहाच. जे दोष तिथे दिसतात ते दुरुस्त करायला पुढे सहा महिने मिळतात.

तपासणी: 'सुरू करायचे की नाही' याच्या अटी ऑगस्टमध्येच लिहून ठेवा. ऑक्टोबरात त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर हा हंगाम जुन्यावर काढायचा, हेही लिहा. त्या वेळी ठरवायला बसलात तर भीडेपोटी 'करू या' असेच ठरते.

टप्पा ८: मोळी पडल्यापासून पहिल्या बिलापर्यंत

हंगामाच्या पहिल्या दिवसांत गाळप पूर्ण क्षमतेने होत नाही, त्याचा फायदा घ्या. या दिवसांत पुरवठादाराची माणसे काट्यावर, यार्डात आणि अकाउंटला बसलेली हवीत, पाहुण्यांच्या गेस्ट हाउसमध्ये नकोत.

1. रोज ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाची बैठक घ्या. आलेल्या तक्रारी, सुटलेल्या, उरलेल्या, कोणाकडे. बस.
2. तक्रारींची एकच वही ठेवा. फोनवर किंवा चालता-चालता सांगितलेली तक्रार नोंदली गेली नाही तर ती अस्तित्वात नाही, हे सगळ्यांना सांगा.
3. रोज रात्री बारापर्यंतचे काट्याचे एकूण वजन आणि गव्हाणीवरचे गाळप ताळ्यात आहे का पाहा. यार्डातली उभी वाहने हिशेबात धरा.
4. पंधरवड्याच्या आठव्या दिवशी कच्चे बिल काढून पाहा. सोळाव्या दिवशी पहिल्यांदा बटण दाबू नका, १४ दिवसांची मुदत पहिल्या दिवशी आलेल्या उसाला केव्हाच संपलेली असते.
5. शेतकऱ्याला एसएमएस जाऊ द्या, पण कागदी पावती बंद करू नका. ती त्याचा पुरावा आहे.

या काळात नवे रकाने, नवे रिपोर्ट, 'जाता जाता एवढे करून द्या' हे सगळे बंद. फक्त चुकीचे वजन, चुकीचा माणूस किंवा चुकीची रक्कम येत असेल तरच बदल, आणि तोही आधी चाचणीच्या प्रतीवर करून.

पहिले बिल लागले की गट कार्यालयांत खातेप्रमुखांनी स्वतः बसावे. शेतकरी बिल घेऊन येतो, त्याला कपात समजत नाही. त्याला समोर बसवून ओळ न् ओळ समजावून सांगितली की तो गावात जाऊन ते सांगतो.

टप्पा ९: जुने बंद करा

दोन पंधरवडी बिले बिनचूक निघाली की जुनी प्रणाली फक्त वाचण्यापुरती ठेवा, तिच्यात नवी नोंद करता येणार नाही अशी सोय करा. टेबलाच्या खणातल्या खासगी वह्या आणि एक्सेल फायली मागून घ्या. रागावू नका. प्रत्येक फाइल सांगते की नव्या प्रणालीत त्या माणसाला काहीतरी मिळत नाही. ते काय आहे विचारा आणि हंगाम संपल्यावर करायच्या कामांच्या यादीत घाला.

हंगाम संपला की टप्पा १ चे पान काढा. तेच आकडे, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा आणि दोन्ही हंगामांचे आकडे वार्षिक सभेच्या अहवालात शेजारी-शेजारी छापा. जिथे फरक पडला नाही तेही छापा. मग अपवादांची वही उघडा, या हंगामात भेटलेले नवे प्रकार तिच्यात लिहा आणि जुलैच्या नोंदी सुरू व्हायच्या आत त्यातले कोणते घ्यायचे ते शेतकी अधिकाऱ्याबरोबर बसून ठरवा.